कोरडे बूट

सेंगकांग, सिंगापूर
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

चि. क्षिप्रा हिस अनेक आशीर्वाद,

तोंड वाकडं करू नकोस. मी तुझ्याहून अकरा दिवसांनी मोठी आहे आणि तेवढ्या भांडवलावर आशीर्वाद देता येतात, असा शास्त्रार्थ मी आत्ताच इथे एकटीने बसून केला आहे. विरुद्ध पक्ष गैरहजर होता.

इकडे सर्व क्षेम. विश्वास वर्षअखेरीच्या ऑडिटमध्ये बुडाला आहे आणि वर फक्त जेवायला येतो. इराला सुट्टी लागली असून ती दुपारी बाराला उठून 'गुड मॉर्निंग' म्हणते. मी रोज पहाटे पळते आणि रोज संध्याकाळी त्याबद्दल सर्वांना सांगते. पळणाऱ्या माणसाचं हे दुसरं काम असतं.

तुझा मेसेज तीनदा वाचला. 'सुले, इथे नऊला उजाडतं आणि तीनला मावळायला लागतं. बाहेर उणे नऊ आहे. मला उठवत नाही गं. मे महिन्याच्या शर्यतीतून दोघींची नावं मागे घेऊ या का?'

नाही. नावं मागे घेता येत नाहीत. तुमच्या औलूच्या त्या अर्ध्या मॅरेथॉनचे नियम मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले आहेत. बँकेत कम्प्लायन्सला बसणाऱ्या बाईला नियम वाचण्याचाच पगार मिळतो, हे तू विसरलीस. शिवाय तुझं नाव क्षिप्रा. ज्या बाईच्या नावातच वेग आहे तिने एकवीस किलोमीटरना घाबरावं, हे व्युत्पत्तीला धरून नाही.

आणि थंडीचं कौतुक मला सांगू नकोस. आमच्याकडेही हिवाळा सुरू झाला आहे. हसलीस? पाऊस लागला आणि पारा तेवीसवर उतरला की सेंगकांगची माणसं एलआरटीमध्ये जाकिटं घालून, काखेत हात घालून बसतात, जशी काही पुढच्या स्टेशनला हिमालयात उतरणार आहेत. अंधाराचं म्हणशील तर इथे बाराही महिने सातला उजाडतं. मी निघते साडेपाचला. म्हणजे माझ्या नशिबी वर्षभर काळोखच. फरक इतकाच की माझा काळोख घामट आहे आणि तुझा गोठलेला.

आता उपदेश ऐक. तो मी स्वतःवर करून पाहिलेला आहे.

सकाळी निर्णय घ्यायचाच नाही. सकाळचं डोकं निर्णयाच्या लायकीचं नसतं. निर्णय रात्री भिजत घालायचा, डाळ घालतो तसा, आणि सकाळी नुसता वापरायचा. कपडे हीटरवर टांगून ठेव, म्हणजे अंगात घालताना शिव्या कमी लागतील. एकवीस किलोमीटरचा विचार करू नकोस, दारापर्यंतचा कर. दारातून पहिल्या दिव्याच्या खांबापर्यंतचा. तिथवर जाऊनही जग असह्य वाटलं तर माघारी ये, मी काही म्हणणार नाही. (म्हणेन, पण मनात.) आणि पळताना शब्द चालव. रामः रामौ रामाः. मी अजून चालवते. संबोधनापर्यंत दम न लागता पोचलं तर वेग बरोबर. तृतीयेतच धाप लागली तर हळू व्हायचं. परवा शेजारच्या ब्लॉकमधले चिनी आजोबा ताई-ची थांबवून माझ्याकडे बघत राहिले. बाई देवाचं नाव घेत पळतेय म्हणजे मागे काहीतरी लागलं असणार, असं त्यांना वाटलं असावं.

पुरावा म्हणून आपलं ठरलं तेच: पळून आलं की दारात बूट काढायचे आणि बुटांचा फोटो पाठवायचा. चेहऱ्याचा नको. पन्नाशीत पळून आलेला चेहरा कोणत्याच न्यायालयात ग्राह्य धरत नाहीत.

व्हिडिओ कॉलवर तू हल्ली कॅमेरा छताकडे करून ठेवतेस, म्हणून पत्र लिहिलं. छताशी मला बोलता येत नाही.

आणि शैलाकाकूंबद्दल या पत्रात एक अक्षर नाही. तुझी आई जाऊन दोन महिने होतील. 'सांत्वन सोडून काहीही लिही,' असं तू बजावलंस. तेव्हा वर जे आहे ते काहीही आहे.

ऊठ. खांबापर्यंत जा.

तुझी ज्येष्ठ,
सुलेखा


सेंगकांग
रविवार, १ डिसेंबर

आयुष्मती क्षिप्रे,

धन्य आहेस. तीन आठवडे झाले, एक दिवसाआड बुटांचा फोटो येतोय. मी विश्वासला दाखवते, इराला दाखवते, ऑफिसात लिफ्टमध्ये भेटलेल्या निरपराध माणसांनाही दाखवते. 'माझी मैत्रीण. उणे बारामध्ये पळते.' लोक आदराने बघतात. त्यातला थोडा आदर मी स्वतःकडे वळवून घेते.

एक तक्रार आहे. तुझे बूट इतके स्वच्छ कसे? माझ्या बुटांची दशा बघ. रोज पाऊस, झाडांचा पाला, पार्क कनेक्टरच्या पायवाटेवर साचलेलं पाणी. आल्यावर त्यांच्या पोटात वर्तमानपत्र कोंबून कॉरिडॉरमध्ये ठेवते. काल शेजारच्या मिसेस तान दारात उभं राहून म्हणाल्या, 'सुलेखा, युवर शूज व्हेरी जिया लाट लाह.' म्हणजे फार भयंकर अवस्था आहे असं समज. आणि तुझे बघावेत तर जसे काही आत्ता दुकानातून आणले. तुमच्या गावात रस्ते फडक्याने पुसून काढतात का? थंडीत धूळ बसत नसेल, असं मी इराला सांगितलं. बर्फ म्हणजे शेवटी स्वच्छच की.

तुझे मेसेजही फोटोंसारखेच झालेत. 'झालं.' मग परवा नुसतंच 'हं.' सूत्रकारांनाही लाजवील असं लाघव. पण मी भाष्य लिहिणाऱ्यांच्या जातीची आहे, मला जरा जास्त शब्द पाठव.

पार्सल मिळालं. उघडलं तर आत तुझं पळायचं घड्याळ. आणि खाली, काकूंच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं, आपलं कॉलेजचं पाठांतराचं रौप्यपदक! दोघींना मिळून एकच दिलं होतं, आपण नाणं उडवलं, तू जिंकलीस आणि मी आठवडाभर तुझ्याशी अबोला धरला. इतकी वर्षं तू ते मला नुसतं हातात घेऊ द्यायचीस, तेही स्वतः शेजारी उभी राहून. आणि आता चिठ्ठी: 'तुझ्याकडेच राहू दे.'

मी पदक देवापाशी ठेवलं. घड्याळ मनगटाला बांधून बघितलं. त्याच्या पट्ट्याला तुझ्या मनगटाचा बाक आहे.

विश्वास चहा घेता घेता म्हणाला, 'घड्याळ का पाठवलं तिनं? पळताना काय बघते मग?'

'नवं घेतलं असेल.'

'म्हणाली का तसं?'

'नाही.'

'मग विचार की.'

'विचारते.'

'कधी?'

'अहो, विचारते म्हटलं ना!'

हिशेबनिसाशी लग्न केलं की हे असं होतं. ताळा जुळेपर्यंत माणूस बिस्किट खात नाही. तर विचारते: नवं घेतलंस ना? कोणतं घेतलंस? फोटो पाठव.

बाकी विशेष काही नाही. शनिवारी एक गंमत झाली. गंमत म्हणजे, गंमत नव्हे. पहाटे नदीकाठच्या वाटेने पळत होते. एक्स्प्रेसवेखाली वाट जाते तिथले दिवे गेलेले. रोजची वाट आहे, डोळे मिटूनही जाईन. तरी मी पुलाच्या अलीकडे उभी राहिले आणि पाय उचलेना. वरून गाड्यांचा आवाज, खाली काळं पाणी आणि माझ्या मनगटावर तुझं घड्याळ चमकतंय. मी घाबरले, क्षिपे. कशाला, ते कळलं नाही. माझ्यासमोरून दोन शाळकरी मुलं सायकलवरून शिट्ट्या मारत पलीकडे गेली आणि मी माघारी वळले. त्या दिवशीचा बुटांचा फोटो पाठवला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. नसेलही. तू काही विचारलं नाहीस.

जास्त शब्द पाठव. संधी सोडवून, सुटे सुटे पाठव.

तुझी,
सुलेखा


व्हॉइड डेक, आमच्या ब्लॉकचा तळमजला
रविवार, १५ डिसेंबर, दुपार

क्षिप्रा,

आज मायना नाही.

मी खाली दगडी टेबलाशी बसून फोनवर हे टाइप करते आहे. बाहेर पाऊस धरून आहे. दोन तास झाले, तुला फोन लावतेय. रिंग जाते, तू उचलत नाहीस. पिर्को तुझ्या घराकडे निघाली आहे. तुझ्या खालच्या मजल्यावरची पिर्को. मीच तिला पाठवलं आहे. ती पोचेपर्यंत मला हातांना काहीतरी काम हवं, म्हणून लिहिते. काय झालं ते क्रमाने सांगते, म्हणजे माझंही डोकं जागेवर राहील.

विश्वासचा मित्र अभय, त्याच्या मुलांना बर्फ बघायचा होता. जुरॉंगच्या बाजूला एक मोठी खोली आहे, शून्याखाली तापमान ठेवलेली, आत खरा बर्फ पाडतात. तिकीट काढलं की जाकीट आणि गमबूट भाड्याने मिळतात. आज सकाळी आम्ही सगळे तिथे गेलो. मुलं घसरगुंडीवरून घसरली, अभय आपटला, विश्वासच्या चष्म्यावर वाफ धरली. मीही बर्फात चालले. पन्नाशीत पहिल्यांदा. पाय आत रुततात, करकर आवाज येतो. मनात म्हणत होते, क्षिपी रोज या असल्यात पळते.

बाहेर आलो. बाकावर बसून गमबूट काढले आणि समोर ठेवले. बुटांच्या खाचांमध्ये बर्फाचे गोळे बसले होते, नाकावर चिकटले होते. मी बघत होते तोवर ते वितळायला लागले. सगळ्या बाकाखाली पाणीच पाणी. आम्ही सातजण होतो, सातही जोड गळत होते.

मी फोन काढला आणि तुझे फोटो उघडले.

पहिल्या तीन फोटोंत पायपुसणं ओलं आहे. बुटांना बारीक खडी चिकटलेली आहे. चौथ्यापासून पुढे काही नाही. पायपुसणं कोरडं, बूट कोरडे. उजव्या बुटाची नाडी आत दुमडलेली आहे, आणि ती पुढच्या प्रत्येक फोटोत तशीच दुमडलेली आहे. कुणी त्यात पाय घातलेलाच नाही.

आणि मी लिहिलं, तुझे बूट किती स्वच्छ. मी लोकांना लिफ्टमध्ये दाखवले ते फोटो. बर्फ म्हणजे स्वच्छच, हे अगाध ज्ञान मी पोरीला दिलं. जन्मात बर्फ न पाहिलेल्या बाईला फसवणं किती सोपं, हे तुला माहीत होतं. का तुला वाटत होतं की मी ओळखावं?

क्षणभर मला राग आला, खोटं का बोलणार? त्या थंडगार बाकावर बसून मला खरंच राग आला. मग घड्याळ आठवलं आणि राग कुठल्या कुठे गेला. मेमध्ये शर्यत असलेल्या माणसाने नोव्हेंबरात आपलं घड्याळ का द्यावं? पदक का द्यावं? विश्वासने विचारलं होतं. त्याचा ताळा जुळत नव्हता. माझाही जुळत नव्हता, पण मी तो विनोदात ओढून बसवला.

अभय म्हणाला, 'वहिनी, चला, समोरच्या हॉकर सेंटरमध्ये सगळे जेवू.' मी म्हटलं, 'मला घरी जायचंय.' विश्वासने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टॅक्सी बोलावली. टॅक्सीत तुला फोन लावला. घरी येऊन लावला. तुझ्याकडे सकाळचे सात होते, मग आठ, मग नऊ. 'रविवार आहे, झोपली असेल,' असं मी मोठ्याने म्हणत होते. इरा सोफ्यावरून म्हणाली, 'आई, स्टॉप सेइंग दॅट लाह. कॉल समवन हू कॅन गो.'

म्हणून पिर्कोला फोन केला. तिचा नंबर तूच दिला होतास, काकूंच्या आजारपणात. ती मुलीच्या गावी गेली होती, तुझ्यापासून गाडीने पाऊण तासावर. मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, ती तिच्याहून मोडक्या इंग्रजीत म्हणाली, क्षिप्राला बघून दहा-बारा दिवस झाले. तिच्या खिडकीत दिवा दिसत नाही. मला वाटलं तुमच्याकडे आली असेल, उन्हात. मग म्हणाली, तिने मला तिच्या आईचं झाड दिलं. ते छोटं, वासाचं.

काकूंची तुळस. पुण्याहून बी नेऊन, दिव्याखाली, खिडकीत वाढवलेली. स्वतः जेवायच्या आधी तिला पाणी घालणारी तू, ती तुळस पिर्कोला दिलीस.

त्यापुढे मी काय बोलले मला आठवत नाही. पिर्कोने मात्र सगळं समजल्यासारखं एकच वाक्य सांगितलं, की काकूंच्या वेळची तुझ्या घराची किल्ली अजून तिच्याकडे आहे, ती मदतीच्या नंबरला फोन करते आहे आणि स्वतः निघते आहे. रस्त्यावर बर्फ आहे, वेळ लागेल.

तेव्हापासून मी इथे बसले आहे.

वर घरात का नाही, तेही सांगते. तुला एक वाक्य विचारायचं आहे. वर डायनिंग टेबलाशी बसून तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा पुसलं. आई म्हणायची, घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. मी संस्कृत शिकलेली, दिवसभर बँकेत जोखमीचे कागद तपासणारी बाई, आणि माझ्या तोंडून ते वाक्य त्या छपराखाली निघेना. तुझ्या घरात तर मुळीच उच्चारायचं नाही, म्हणून कधी फोनवर विचारलं नाही. आता कळतंय की या एका भीतीपायी मी सगळा हिवाळा कपडे कुठे टांगायचे आणि खांबापर्यंत कसं जायचं, हे तुला लिहीत बसले. तुला आळस आलाय, असं समजणं फार सोयीचं होतं. आळसावर माझ्याकडे उपाय होते.

म्हणून खाली आले. व्हॉइड डेकला भिंती नाहीत, उंबरा नाही. हे कुणाचंच घर नाही. म्हाताऱ्यांचा पटाचा डाव इथेच चालतो, लग्नाची जेवणं इथेच होतात आणि गेल्या आठवड्यात सातव्या मजल्यावरच्या आजींची शवपेटीही इथेच ठेवली होती. माणसं शेंगदाणे सोलत बसली होती. इथे तथास्तु म्हणायला कुणी नाही. इथे लिहिते.

क्षिप्रा, तू जीव द्यायचं ठरवलं आहेस का?

लिहिलं.

उत्तर 'नाही' असेल तर मला खुशाल मूर्ख म्हण. उत्तर 'हो' असेल तरी मला सांग. मी रडणार नाही असं नाही, पण फोन ठेवणार नाही. उपदेश करणार नाही. एकही वचन तुझ्या अंगावर फेकणार नाही. शोधलं तरी या क्षणी मला एक आठवत नाही. जे वाटतंय ते घाणेरडं असेल, लाजिरवाणं असेल, काकूंवर रागाचं असेल, तरी सांग. काकूंवर राग येत असेलच. इतकी वर्षं एका घरात दोघी राहिलात, आणि हिवाळा सुरू व्हायच्या तोंडावर त्या उठून गेल्या.

बघ, बोलले काकूंबद्दल. तुझा नियम मोडला. तो नियम मला फार आवडला होता, कारण मलाही त्यांच्याबद्दल बोलायचं धैर्य नव्हतं. मागच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर त्यांनी मला विचारलं होतं, 'सुलेखा, तुमच्याकडे हिवाळाच नाही, मग तुम्हाला उन्हाळा आल्याचा आनंद कसा होतो गं?' मी काहीतरी पाचकळ उत्तर दिलं. तू मागे उभी राहून हसलीस. तो हसण्याचा आवाज ऐकूनही आता किती महिने झाले.

विश्वास खाली आला. हातात छत्री आणि कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, मग. समोर बसला.

'काही कळलं?'

'नाही.'

'हेलसिंकीचं तिकीट आजचं मिळतंय. रात्री निघायचं. एकाचंच काढतोय.'

'माझे लोकरीचे कपडे?'

'अभय आणून देतोय. आणि हा.' माझा पासपोर्ट टेबलावर ठेवला. तीन वर्षांपूर्वी निळा पासपोर्ट परत करून हा लाल, सिंगापूरचा, घेतला तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. विश्वास म्हणाला, 'याला व्हिसा लागत नाही. बरं झालं घेतलास.'

तोही घाबरला आहे. आणलेली कोपी त्याने माझ्याकडे सरकवली आणि स्वतःच पिऊन टाकली.

पिर्कोचा मेसेज: 'मोठ्या रस्त्यावर. हळू.'

तुला खरं सांगते, या पाऊण तासात मी शंभर गोष्टी बघितल्या. एक्स्प्रेसवेखालचा तो अंधार मला आता समजतोय. शरीराला आधी कळलं होतं, मीच ऐकलं नाही. पावसातून पोरं फुटबॉल घेऊन आली आहेत. फुटबॉल खेळू नये अशी पाटी खांबावर आहे, तिच्यावरच बॉल मारताहेत. प्रत्येक आवाजाला मी दचकते. एक पोरगा म्हणाला, 'सॉरी, आंटी.' मी हात हलवला. माझ्याकडे बघून त्यांनी खेळ थांबवला. थांबवायला नको होता. शांतता त्याहून वाईट आहे.

पिर्को: 'खाली आले. वर दिवा नाही. जाते.'

काही सुचत नाही. लिहीत राहते. तू दार उघड. फोन उचलू नकोस, मला उत्तर देऊ नकोस, शर्यत खड्ड्यात जाऊ दे, फक्त उठून दारापर्यंत ये. क्षिपे, ये. ये ना गं.

विश्वासने माझा हात धरलाय. एका हाताने लिहिते.

पिर्को: 'बेल वाजवली.'

पिर्को: 'पुन्हा.'

पिर्को: 'दार उघडलं. तिने. किल्ली वापरावी लागली नाही.'

मी ओरडले बहुतेक. पोरं बघताहेत. विश्वास चष्मा पुसतोय.

थांब, अजून आला. 'बारीक झाली आहे. थंड. बोलत नाही, पण माझा हात धरला. मदतीची माणसं येताहेत. मी जाणार नाही.'

क्षिप्रा, तू उघडलंस. त्या अंधारात, कुठे पडली होतीस देव जाणे, तिथून उठलीस आणि स्वतः उघडलंस. हे मी कुणाला लिफ्टमध्ये दाखवणार नाही. हे माझ्यापाशी ठेवणार आहे.

पाच मिनिटं वाटलं, आता हे पत्र पाठवू नये. मधलं ते वाक्य तरी खोडावं. पण खोडत नाही. दार उघडलं म्हणजे उत्तर मिळालं असं नाही, आणि माझी भीतीही संपलेली नाही. आता ती रोज थोडी थोडी राहील आणि मी ती थट्टेखाली लपवणार नाही. उद्या संध्याकाळी मी तुझ्यासमोर बसून तेच वाक्य पुन्हा विचारणार आहे, तुझ्याच घरात, मोठ्याने. वास्तूला काय म्हणायचं ते म्हणू दे. आपण दोघी तिथे असू.

येणारी माणसं घेऊन जायचं म्हणतील तिथे जा. पिर्को देईल ते खा. झोप आली तर झोप, नाही आली तर पडून राहा. पळू नकोस, मला काही पाठवू नकोस, घर आवरू नकोस. माझं विमान आज रात्री निघतंय. तोवर तुझ्याकडे एकच काम आहे आणि ते कितीही जड गेलं तरी तुलाच करायचंय.

माझी वाट बघ.

सुलेखा